कोल्हापूरला चाललोय, लेकीला गहू चालत नाही: खायचं काय?

पाऊसवेडी

नाताळच्या सुट्टीत चार दिवस कोल्हापूरला जायचं ठरलंय. माणसं अकरा: सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे मिस्टर, आम्ही दोघं आणि तीन पोरं. गाडी ठरली, खोल्या ठरल्या, कुठल्या दिवशी कुठे मटण खायचं याची यादी दिरांनी ऑगस्टपासून करून ठेवलीय. एक प्रश्न उरलाय आणि तो नेहमीप्रमाणे माझ्या वाट्याला आलाय.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला दीड वर्षापूर्वी सिलियाक निघालं. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ही अ‍ॅलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेलं अंगी लागत नाही. तिची उंची दोन वर्षं जागच्या जागी होती, हिमोग्लोबिन काही केल्या चढत नव्हतं, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन बंद, हाच उपचार. बंद म्हणजे चिमूटभरसुद्धा बंद. "एका घासानं काय होतंय" हे वाक्य मी आता झोपेतही ओळखते.

घरी सगळं बसलंय. तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, पीठ घरच्या चक्कीवर. प्रवासाला मात्र दोनदाच गेलो आणि दोन्ही वेळा ती दहीभातावर राहिली. या वेळी तिनेच विचारलंय, "आई, तांबडा रस्सा मला चालतो का?"

चालतो का हो?

पेठेतला_पैलवान

चालतोय की ताई! लय टेन्शन घेऊ नका. तांबड्यात काय असतंय? मटणाचं पाणी, कांदा-लसूण चटणी, खोबरं, तीळ, खसखस. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ. भाकरी ज्वारीची, भात तांदळाचा. यात गहू आला कुठनं? आमचं जेवण तुमच्या पोरीसाठीच केल्यागत हाय.

रात्री गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला न्या. डोळ्यासमोर धार काढून देत्यात. त्यात कुणी काय मिसळतो म्हटलं तरी सवड न्हाय.

चिवड्यातला_शेंगदाणा

मी स्वतः सिलियाक. सहा वर्षं झाली. पैलवानांचं बरोबर आहे, जेवण तिच्यासाठीच केल्यासारखं आहे. अडचण होते ती स्वयंपाकघरात.

पहिला चोर हिंग. बाजारात मिळतो तो बहुतेक सगळा बांधानी हिंग. मूळ हिंग इतका उग्र असतो की तो डिंक आणि पीठ घालून सौम्य करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. "आम्ही पावडर नाही, खडा वापरतो" असं कुणी अभिमानाने सांगितलं तरी हुरळून जाऊ नका, खडाही बांधानी असतो. आमटी, पिठलं, लोणचं, मठ्ठ्याचा मसाला, फरसाण, सांबार, सगळीकडे हा महाशय हजर. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीच्या पाठीवर घटक वाचून घ्यायचा. हॉटेलात मात्र डबी कोण दाखवणार?

दुसरा चोर मिसळ. कटाचं फारसं काही नाही, पण वरच्या फरसाणात मैद्याची पापडी असते आणि शेजारी ब्रेड. मिसळीच्या दुकानात हवेत ब्रेडचा चुरा उडत असतो असं मला नेहमी वाटतं. मी मिसळ सोडली. वाईट वाटतं, पण सोडली. रंकाळ्यावरच्या भेळेत पुरी असते, ती चुरून टाकण्याआधी ओरडलं तरी मालकाचा हात आधीच्या भेळेचा असतो.

आणखी दोन: मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. दोन्हींत गहू असतो, आणि आपण ते इतके 'आपले' पदार्थ समजतो की शंकाच येत नाही. चायनीजच्या गाडीवर सोया सॉस. तोही गव्हाचा.

तर्रीबाज

मिसळीबरोबर ब्रेड?? पाव असतो.

पेठेतला_पैलवान

तुमच्याकडं असंल. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच. विषय संपला.

तर्रीबाज

म्हणजे कुणी मिसळीचा अपमान केला तर विषय संपतो होय.

पाऊसवेडी

दोघांनाही विनंती, माझ्या लेकीला दोन्ही चालत नाही. :)

शेंगदाणा, मेतकुटाचं मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात नणंदेने प्रेमाने दिलेली बरणी आहे, उघडलेली नाही. वाचले.

जुनं_खोड

आमच्या लहानपणी असले आजार नव्हते. पोरं मातीत खेळायची, चपाती-भाकरी मिळेल ते खायची. आता प्रत्येकाला काहीतरी 'फ्री' हवं असतं. शुगर फ्री, फॅट फ्री, ग्लूटेन फ्री. मुलीला थोडं थोडं देऊन सवय लावा, शरीर आपोआप शिकतं.

पांढरा_कोट

काका, मोठ्यांचा मान राखून सांगतो, हा सल्ला या धाग्यावर राहू देऊ नये इतका चुकीचा आहे. सिलियाकमध्ये थोडं थोडं दिल्याने सवय लागत नाही, आतडं थोडं थोडं खराब होत राहतं. वरून मूल धडधाकट दिसलं तरी आत नुकसान चालू असू शकतं.

आजार तेव्हाही होता. मुलं 'किडकिडीत' असायची, 'अंगाला लागत नाही' म्हणायचे, वारंवार जुलाब व्हायचे, आणि त्याला नाव नव्हतं. आपल्या भागात तो कमी ऐकू येतो हे मात्र खरं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात तो शंभरात एकाहून थोडा जास्त आढळला आणि दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. रोज गहू खाणारा मुलूख आणि भात खाणारा मुलूख यांतला फरक त्यात दिसतो. कोल्हापूरच्या वेटरने हे नाव ऐकलं नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

ज्यांना वाचता वाचता 'माझंही पोट फुगतं, मीही गहू सोडून बघतो' असं वाटतंय त्यांना: आधी तपासणी, मग सोडा. टीटीजी ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. गहू सोडून बसलात तर तपासणी खोटी निर्धास्त करते.

कृष्णाकाठ

ताई, तुम्ही खपली गहू का देत नाही? आमच्या शिरोळ भागात पूर्वीपासून खपलीच. यात्रेला खपलीची खीर असते. खपलीत ग्लूटेन नसतं असं सगळीकडे लिहिलेलं आहे. माझ्या वडिलांना साखर आहे, त्यांना खपलीनेच बरं वाटतं. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला आलात तर घेऊन जा.

पांढरा_कोट

सगळीकडे लिहिलेलं आहे, आणि सगळीकडे चुकीचं लिहिलेलं आहे. खपली हा गहूच आहे. शेवया-रव्याला चालणाऱ्या बन्सी गव्हाच्या घरातलाच. वडिलांना साखरेसाठी मानवत असेल, तो वेगळा विषय. सिलियाकला खपली, बन्सी, लोकवन, शरबती, एकही चालत नाही.

कृष्णाकाठ

समजलं. बरं झालं विचारलं, मी परवाच एका नातेवाइकांना दोन किलो पाठवणार होतो.

मग वाडीला येऊन बासुंदी खा. दूध आणि साखर. कवठाची बर्फीही न्या, ती दुसरीकडे सहसा मिळत नाही.

एकादशी_दुप्पट

माझी युक्ती फुकट घ्या. हॉटेलात ग्लूटेन हा शब्दच काढू नका. 'उपवासाचं काय आहे?' विचारा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला हे वाक्य कळतं. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळं, शेंगदाणा, यांतल्या एकातही ग्लूटेन नाही. शिवाय उपवासाला हिंग घालत नाहीत! आणि गंमत म्हणजे धान्याचा हात उपवासाला लागू नये याची काळजी आपल्याकडच्या बायका शेकडो वर्षं घेत आल्यात. आमची आजी उपवासाची कढईच वेगळी ठेवायची.

एकच खड्डा: तळण. साबुदाणा वडा ज्या तेलात तळला त्यातच सकाळी ब्रेड पकोडा तळला असेल तर काय उपयोग. म्हणून वडा नको, खिचडी घ्या. भगर आणि दाण्याची आमटी मिळाली तर उत्तम.

चिवड्यातला_शेंगदाणा

हे मला सहा वर्षांत सुचलं नाही. दंडवत.

चुलीजवळ

मी कोल्हापुरात घरगुती खानावळ चालवतो. (हो, मी बाई आहे. आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुणेकरांनी हसू नये.)

खरं सांगू का, हॉटेलात तुम्ही विचारता तेच चुकतं. 'ग्लूटेन आहे का?' म्हटलं की पोरगं 'नाही' म्हणणार. त्याला वाटतं अजिनोमोटोसारखं काहीतरी असेल. आणि गिऱ्हाइकाला 'नाही' हे उत्तर हवंय एवढं त्याला चेहऱ्यावरून कळतं.

मला विचारा, मी सांगतो आत काय चालतं. भाकरी ज्वारीचीच असते. पण मोठ्या गर्दीच्या ठिकाणी चपात्या आणि भाकऱ्या एकाच ओट्यावर होतात. थापताना खाली लावायला जे पीठ हाताला येईल ते. तवा एकच. रविवारी पन्नास माणसं ताटकळत उभी असताना कुणी तवा घासून भाकरी टाकत नाही. रस्सा पातळ झाला तर घट्ट करायला कुणी डाळ्याचं पीठ लावतं, कुणी कॉर्नफ्लोअर, कुणी मैदा. सगळेच लावतात असं नाही, पण लावणारा सांगत नाही.

आणि माझ्या स्वतःच्या घरातलं सांगतो. माझी ज्वारी गिरणीत जाते. गिरणीवाला गव्हावर ज्वारी टाकतो. जात्यात आधीचं पीठ राहतंच. म्हणजे मी कितीही स्वच्छ केलं तरी माझी भाकरी तुमच्या लेकीला चालणार नाही. इतकी वर्षं हे डोक्यात कधी आलं नव्हतं, तुमचा धागा वाचून आलं.

म्हणून सांगतो: पीठ तुमचं आणा, परात तुमची आणा, तवा तुमचा आणा. हात आमचा. मटण तुमच्यासमोर नव्या भांड्यात शिजवतो. चटणी मी घरी कांडून आणतो, त्यात हिंग नाही. कुणाला पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, इथं जाहिरात नको.

जुनं_खोड

आगीवर भाजल्यावर पिठाचा अंश राहतो कुठे? तव्यावर सगळं जळून जातं.

पांढरा_कोट

जंतू मरतात काका. ग्लूटेन हे प्रथिन आहे, स्वयंपाकाच्या आचेने ते नाहीसं होत नाही. होत असतं तर चपाती भाजली की प्रश्नच मिटला असता.

जुनं_खोड

हं. हा मुद्दा आहे.

पाऊसवेडी

सगळ्यांचे आभार. यादी केलीय: लॉजच्या दोन खोल्या रद्द करून स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला. ज्वारीचं पीठ चार किलो, तांदळाचं दोन, राजगिऱ्याचे लाडू, भडंग (घरचा, बिनहिंगाचा), बीडाचा तवा आणि स्टीलची परात. सासरे म्हणाले, "सहलीला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" आल्यावर लिहीन.

पाऊसवेडी

आलो. वृत्तांत मोठा आहे, चहा घेऊन बसा.

पहिला दिवस बरा गेला. वाटेत कराडच्या पुढे सगळे वडापावला उतरले. ही गाडीत बसून घावन आणि शेंगदाण्याची चटणी खात होती आणि तिचे दोन भाऊ काचेतून तिच्याकडे बघत होते. पाच मिनिटांत दोघंही गाडीत, घावन संपलं. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन, प्रसादाला खडीसाखर आणि नारळ. रात्री गंगावेशीत दूध. पैलवान, तुमची आठवण काढली. पेल्यावर तीन बोटं फेस होता आणि पेला धरायलाही कोमट लागत होता. तिने दोन पेले प्यायले. मला एकही संपला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चूक झाली, आणि ती माझीच म्हणायची.

दिरांच्या यादीतलं पहिलं नाव. नाव लिहीत नाही, कारण तिथे कुणी मुद्दाम काही केलं नाही. दीड तास रांगेत होतो. मी चुलीजवळताईंनी सांगितले तसे सगळे प्रश्न पाठ करून गेले होते. रश्शाला काय लावता? खोबरं आणि तीळ, दुसरं काही नाही. मैदा? नाही. हिंग? मटणाला कशाला हिंग! भाकरी? शुद्ध ज्वारी. तवा? तो म्हणाला, भाकरीचा तवा वेगळा आहे मॅडम, बघून या. मी खरंच उठून गेले. तवा वेगळा होता. मी परत येऊन बसले आणि माझी परात गाडीतच राहू दिली, कारण अकरा माणसांसमोर, रांगेत उभ्या लोकांसमोर ती उघडून बसायची मला लाज वाटली. हे मी लिहितेय कारण असं दुसऱ्या कुणालाही वाटू शकतं.

तिने अर्धी भाकरी आणि एक वाटी तांबडा रस्सा खाल्ला. घाम पुसत होती आणि हसत होती.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना म्हणाली, पोटात दुखतंय. आठ वाजता पहिली उलटी. मग रात्रभर. सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी "एका घासानं काय होतंय" हे याआधी किमान दहा वेळा म्हटलं असेल, त्या रात्री काहीच म्हणाल्या नाहीत. फक्त दर वेळी बादली धुऊन आणत होत्या.

सकाळी नवरा त्या हॉटेलात गेला. भांडायला नाही, कळावं म्हणून. दुकान उघडलं नव्हतं, आत तयारी चालली होती. त्याने फोनवर जसं सांगितलं तसं लिहिते: ओट्यावर एक मोठी परात, परातीच्या डाव्या कडेला चपात्यांची कणीक, उजव्या कडेला ज्वारीचं पीठ, आणि मधे पांढऱ्या पिठाचा एक ढीग. बाई उंडा घ्यायच्या, मधल्या ढिगात बुडवायच्या, थापायच्या. मधला ढीग गव्हाच्या पिठाचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्वारीचं पीठ खाली लावलं तर गर्दीच्या वेळी भाकरी मोडते, हे लावलं की सटासट उठते." इतकं साधं. तवा वेगळा आहे का हे मी विचारलं, परात वेगळी आहे का हे नाही विचारलं.

मालक म्हणाले, साहेब, काल सांगितलं असतं तर वेगळी थापून दिली असती. आता कालच सांगितलं होतं म्हणून काय उपयोग.

तिसरा दिवस तिच्यासाठी पेज आणि झोप. बाकी मंडळी ज्योतिबाला गेली, मी, सासूबाई आणि ती घरी. दुपारी ती उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे रस्सा चालतो ना? भाकरीनेच झालं ना?" मला हसावं का रडावं कळेना. चुलीजवळताईंना फोन केला.

रात्री आम्ही अकराच्या अकरा त्यांच्याकडे. त्यांनी आधी सांगितलं होतं तसं मटण आम्हीच नेलं. त्यांनी पातेलं कोरं काढलं होतं, लेबलचा कागद अजून बुडाला चिकटलेला. माझी परात हातात घेऊन आधी वाजवून बघितली, म्हणाल्या, "चांगली जड हाय." मग पाण्याचा हात लावून माझंच पीठ मळायला घेतलं. तळव्याच्या टाचेने रगडून रगडून, मी घरी मळते त्याच्या तिप्पट वेळ. उंडा परातीत ठेवून थाप, थाप, थाप, आणि परात एका हाताने फिरवत राहिल्या. खाली लावायला माझंच ज्वारीचं पीठ. मी म्हटलं, मोडणार नाही का? "मळलं नीट तर कशाला मोडतीया. ते गहू लावायचं काम मळायचा कंटाळा असतो त्यांचं." तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग थेट निखाऱ्यावर. भाकरी टम्म फुगली.

लेकीने दीड भाकरी खाल्ली. नाक वाहतंय, डोळे वाहतायत आणि वाटी पुढे. बाकीच्यांनीही माझ्याच पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, त्यामुळे चार किलोंतलं जेमतेम दीड किलो उरलं.

शेवटच्या दिवशी सकाळी पन्हाळा करून परतलो. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत, आत गेलं की थंडगार आणि आवाज घुमतो. त्यात वरी, नागली आणि भात साठवायचे असं नवऱ्याने सांगितलं. ती थांबली. "तिन्ही मला चालतात." मग थोडा विचार करून, "म्हणजे वेढा पडला असता तरी मी किती दिवस राहिले असते!" तिच्या भावाने लगेच सांगितलं की वेढ्यात मॅगी नसते. त्यावर भांडण.

गडावर झुणका-भाकरीच्या झोपडीत बसलो. मी पिशवीतून तवा काढेपर्यंत सासूबाई पुढे जाऊन विचारत होत्या, "बाई, ही परात नुसत्या भाकरीची का चपातीचीही? आणि खाली लावायला पीठ कुठलं? पिठल्यात हिंग घालता का?" बाई म्हणाल्या, हिंग तर लागतोच. सासूबाई म्हणाल्या, "मग आम्हाला नको, आम्हाला दही द्या." आमच्या भाकऱ्या रात्रीच्याच फडक्यात बांधून आणल्या होत्या. दही, ठेचा आणि वर भाजलेलं कणीस.

चिवड्यातला_शेंगदाणा

परातीचा ढीग. मी इतकी वर्षं फक्त तवा विचारतोय. आता कळलं मागच्या वर्षी सोलापुरात काय झालं होतं.

लेक आता बरी आहे ना? उलट्या थांबल्या तरी थकवा आठवडाभर राहतो, शाळेत खेळाच्या तासाला जपा.

पाऊसवेडी

बरी आहे. दोन दिवस शाळा बुडवली, तिसऱ्या दिवशी स्वतःच गेली.

पांढरा_कोट

एक भर. घरी येताना ग्लूटेन-फ्री लिहिलेली पाकिटं घेत असाल तर आपल्याकडे त्याला नियम आहे, किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच तसं लिहिता येतं. नुसतं 'ज्वारीची बिस्किटं' किंवा 'मल्टिग्रेन' असं समोर ठळक असलं तर मागे घटक वाचा, पहिलं नाव बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठच असतं. 'माल्ट' दिसलं तर ते जवाचं.

जुनं_खोड

वृत्तांत वाचला. नातवाला दोन वर्षं जुलाब होतात, वजन वाढत नाही. सुनेने टीटीजी करायचं म्हटलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. उद्या करून घेतो. तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवायचा ना?

पांढरा_कोट

हो, चालूच ठेवा. निकाल आल्यावर डॉक्टर सांगतील तसं.

एकादशी_दुप्पट

काका, काही निघालं तर इकडेच या.

चुलीजवळ

ताई, तुमची परात आमच्याकडंच राहिली. भाकऱ्या बांधून घेतल्या त्या घाईत विसरलासा. धुऊन वेगळी ठेवलीया, तिच्यात कणीक मळू देत नाही कुणाला. गिरणीवाल्याशीही बोललो. सोमवारी सकाळी जातं साफ करून पहिलं दळण ज्वारीचं लावीन म्हणाला. बघू किती दिवस लावतोय.

पाऊसवेडी

अहो, मी दोन दिवस घरभर शोधतेय! राहू दे तिथेच. उन्हाळ्यात येतोच आहोत.

पेठेतला_पैलवान

ते सगळं ऱ्हाऊ दे. पोरीनं पांढरा रस्सा प्याला का न्हाय?

पाऊसवेडी

एक चमचा. मग वाटी आजोबांकडे सरकवली आणि म्हणाली, हा तुमचा.

पेठेतला_पैलवान

उन्हाळ्यात आणा परत. पांढऱ्याचं माझ्याकडं लागलं.

तर्रीबाज

आणि मिसळीबरोबर पावच.